अंगठ्याची बाजू

"हलू नका हो, रेघ वाकडी जाते."

"अगं, हलता आलं असतं तर तुझी पाटी झालो असतो का?"

बाईंनी नवऱ्याच्या गळ्यापासून बेंबीपर्यंत बॉलपेनानं सरळ रेघ ओढली. रेघेजवळचं ते मिडियल, रेघेपासून लांबचं ते लॅटरल. बावीस वर्षं इस्पितळाच्या फायली लावल्या, आता या वयात ही घोकंपट्टी! पण करतात काय? फायलींची खोली बंद होणार होती. आजारांना संगणकात कोड द्यायची परीक्षा पास व्हा, नाहीतर घरी बसा, असं साहेबांनी तोंडावर सुनावलं होतं. आणि घर चालत होतं ते बाईंच्या एकटीच्या पगारावर.

नवरा चार वर्षं अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला. उजवा हात लाकडासारखा, तळवा खाली, अंगठा पोटाकडे वळलेला. डोकं मात्र तल्लख. डाव्या हातात बाईंची वही धरून तोच रोज परीक्षा घ्यायचा.

"करंगळी?"

"लॅटरल."

"अंगठा?"

"मिडियल."

त्या हाताकडे बघून तोही मान डोलवायचा. वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं: शरीर नेहमी उभं धरायचं, तळवे समोर. दोघांनी ते वाचलं आणि पान उलटलं. उभं धरायला त्या घरात होतं कोण!

परीक्षेत अंगठ्यावर तीन प्रश्न आले. तिन्ही चुकले आणि दोन गुणांनी बाई नापास झाल्या.

"काकू, तळवा समोर केला की अंगठा बाहेरच जातो, निदान स्वतःचा हात तरी बघायचा!" तपासणारा पोरगेला साहेब हसला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण कुणाचा हात बघून शिकले, हे त्यांनी त्याला सांगितलं नाही.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "कुठं चुकलं?"

"आठवत नाही."

"बावीस वर्षांच्या फायली आठवतात, आणि सकाळचं आठवत नाही?"

"चहा टाकते," म्हणून बाई आत गेल्या.

कप घेऊन आल्या तर वही त्याच्या छातीवर, पहिलं पान उघडं. डाव्या हातानं उजवं मनगट धरून तो तळवा वर फिरवत होता. कपाळावर घाम आला होता. अंगठा कसाबसा बाहेरच्या बाजूला गेला आणि परत वळला.

"मीच चुकीचं शिकवलं गं तुला."

बाईंनी कप खाली ठेवला, दोन्ही हातांनी तो हात हळूच उलटा केला आणि तसाच धरला.

"आता बरोबर?"

"बरोबर."

सोडला असता तर तो पुन्हा वळलाच असता. चहा पार निवला, तरी त्यांनी तो सोडला नाही.