दूरचे लोक

माझी बायको वैजयंती उन्हाळ्यापासून आमच्या बेडरूमच्या दारात उभी आहे, कारण पुस्तक अजून आलेलं नाही. ती आमच्याकडे पाठ करून उभी आहे. कंपनीने पुस्तकाची तारीख पुढे ढकलली की आमचा हॉल लांबतो, आणि ती आणखी थोडी लहान दिसते.

सांगलीत, विश्रामबागेतल्या या फ्लॅटमध्ये दर रविवारी दुपारी आमचा खेळ असायचा. पत्त्यांचा नव्हे. टेबलाभोवती बसायचं, एकाने सूत्रधार होऊन समोर काय दिसतंय ते सांगायचं, बाकीच्यांनी आपापलं पात्र काय करतं ते बोलायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. इक्बाल बागवान आमचा सूत्रधार. मिरजेत त्याचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे लोकांना न दिसणारं दाखवायची त्याला सवयच आहे. त्याचा नियम एकच, तोंडातून निघालं ते घडलं. मग कितीही गयावया करा, तो बधत नाही.

खेळाच्या जुन्या पुस्तकात एकच जग आहे. पलीकडच्या जगांना इक्बाल 'लोक' म्हणतो, पाताळलोकातला तो लोक. त्या सगळ्या लोकांची माहिती देणारं जाडजूड पुस्तक येणार, असं कंपनीने जाहीर केलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पुस्तक इंग्रजीतलंच, पण आमच्यात त्याचं नाव लगेच पडलं, 'दूरचे लोक'.

वैजयंतीचं पात्र म्हणजे काजळी. कुलपं उघडण्यात हिचा हात कुणी धरणार नाही. उन्हाळ्यातल्या एका रविवारी काजळी जुन्या पुस्तकातल्या शेवटच्या दारापाशी पोचली.

"वहिनी, दार उघडं आहे," इक्बाल म्हणाला. "पलीकडचं काही या पुस्तकात नाही. काजळी जाते का राहते?"

तेवढ्यात बेडरूममध्ये फोन वाजला. वैजयंती उठली, बेडरूमच्या दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "येते."

आता आपल्यात निघताना 'जाते' कुणी म्हणत नाही. तोंडात तो शब्दच येत नाही. ती फोनसाठी म्हणाली की खेळातल्या दारासाठी, हे तिलाही नंतर सांगता आलं नाही. इक्बालने मात्र ते उत्तर धरलं. काजळी गेली नाही, राहिलीही नाही. ती येतेय. वैजयंतीचा पाय उंबऱ्यावर थांबला आणि तेव्हापासून तीही येतेय. फोन वाजून वाजून बंद झाला.

ती भूमिती शिकवते त्या शाळेत मी कळवलं, ती येतेय म्हणून. मुख्याध्यापिकाबाई "बरं, सावकाश येऊ दे," म्हणाल्या आणि रोज तिची हजेरी लावत राहिल्या. मी हॉलमधल्या दिवाणावर झोपू लागलो. तिला चहा नेऊन द्यायचो. सुरुवातीला कप उचलून हात लांब केला की भागायचं. मग चहा वाटेत निवू लागला, तेव्हा मी तिच्यासाठी स्टीलचा थर्मास आणला.

"तुला काय दिसतं?" मी विचारायचो. मला तिच्या खांद्यावरून आमचा पलंग आणि कपाट दिसायचं.

"काही नाही," ती म्हणायची. "कोरं आहे."

तिच्या बाजूने पुढे जाता येत नाही. अंग कितीही चोरलं तरी दारात तिच्याइतकीच जागा आहे. त्यामुळे इतक्या महिन्यांत मी तिचा चेहरा बघितलेला नाही. मला तिची वेणी पाठ झाली आहे, पण वेणीशी भांडता येत नाही आणि वेणीला हसवताही येत नाही. मला ती हवी होती, समोरून.

तिसऱ्यांदा तारीख पुढे गेली तेव्हा मी इक्बालच्या दुकानात जाऊन गाऱ्हाणं घातलं. "पुस्तकाची वाट कशाला बघायची? तूच एक लोक रच आणि तिला त्यातून फिरवून परत आण."

"माझी बुद्धी ती केवढी," तो म्हणाला, पण रचायला बसला. रविवारी त्याने डोळे मिटून दाराच्या पलीकडचं वर्णन सुरू केलं. हॉलच्या टोकाकडून वैजयंतीचा आवाज आला.

"इक्बालभाई, हे मिरज जंक्शन आहे."

"नाही वहिनी, नीट बघा. तो मायानगरीचा महाल आहे."

"अंडाभुर्जीचा वास येतोय. वर घड्याळ आहे, ते बंद आहे."

इक्बालने डोळे उघडले. "मग तिथून कोयना एक्सप्रेस पकडा आणि सांगलीला उतरा, काय करता?"

"मी एवढी थांबले ती मिरजेला जायला?" वैजयंती म्हणाली. ती खरोखर चिडली होती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की वाट मी एकटा बघत नाहीये आणि आम्ही दोघं एकाच गोष्टीची वाट बघत नाही आहोत. त्या आठवड्यात मी दाढी केली नाही.

इकडे सोसायटीत बातमी फुटली. खालच्या कुलकर्णीकाकू जिन्यात भेटल्या.

"तुमच्याकडे दूरचे लोक यायचेत म्हणे."

"हो. तारीख नक्की नाही."

"कधीही टपकतात हो असे लोक. गाद्या आहेत का पुरेशा?"

मी खुलासा करायच्या आत त्यांनी दोन गाद्या वर पाठवल्या. मग शेजारच्यांनी पाठवल्या, मग समोरच्या इमारतीतून आल्या. परत न्या म्हटलं तर म्हणत, "असू दे हो, अडीअडचणीला लागतात." गाद्या हॉलच्या दोन्ही भिंतींशी थप्पी लावून ठेवल्या. तारखेमुळे हॉल लांबत होता, आणि गाद्यांमुळे अरुंद होत होता. थर्मास घेऊन मला आडवं चालावं लागायचं.

मी हरभट रोडमागच्या एका छापखान्यात काम करतो. हळदीची पाकिटं, कॅलेंडरं असलं आम्ही छापतो. आमचं यंत्र एका वेळी एकच रंग लावतं, म्हणून तोच कागद पुन्हा पुन्हा आत घालावा लागतो. त्यामुळे एके दिवशी वैजयंती म्हणाली, "आज इकडे निळं आलंय," तेव्हा मी थर्मास खाली ठेवला.

"काय निळं?"

"काहीच नाही. नुसतं निळं. कुठे फिकं, कुठे गडद."

पुस्तक छपाईला गेलं होतं. मी पळत टेबलापाशी आलो, इक्बालला फोन केला, आणि त्यानंतर माझं कशात म्हणून लक्ष लागेना. मी हळदीच्या पाकिटावर 'सेलम' ऐवजी 'सलाम' छापलं. मालकांनी ते चालवून घेतलं, त्यांनीही एक गादी पाठवली होती.

मग राणी रंग आला. "डोंगर जांभळे झाले," वैजयंतीने सांगितलं. मग पिवळा आला. "झाडं हिरवी झाली. पण सगळं एकमेकांत मिसळतंय. नदी कुठे संपते ते कळत नाही."

"काळा राहिलाय," मी म्हणालो. "आम्ही काळा शेवटी लावतो. काळ्याशिवाय कशालाच कड येत नाही."

"म्हणजे पाय ठेवता येईल."

"वैजू, इक्बाल पुन्हा तोच प्रश्न विचारेल. तेव्हा 'राहते' म्हण. एवढं माझं ऐक."

"आणि मला बघायचं असेल तर?"

"बघून?"

"बघून येते," ती म्हणाली.

मला तिचा भयंकर राग आला. परत येताना मी गाद्यांना लाथा मारत आलो. गादीला लाथ मारून काही समाधान मिळत नाही.

आई तासगावहून आली ती त्याच आठवड्यात. त्या रविवारचा फोन तिचाच होता, आणि तो का उचलला नाही हे विचारायला ती आली होती. शिवाय दूरचे लोक येणार हे तिच्याही कानावर गेलं होतं, म्हणून तिने डबाभर बेदाण्याचे लाडू आणले होते. हॉलची लांबी बघून तिने पदर खोचला. चालू लागली, मध्ये गाद्यांवर बसून दम खाल्ला, आणि सुनेपाशी पोचल्यावर पहिलं वाक्य बोलली ते असं.

"उंबऱ्यात उभं राहू नये गं. लक्ष्मी अडते."

"हो आई. येते मी," वैजयंती म्हणाली.

आई परत आली. इक्बालही आलेला होता. मी तिला सगळं सांगितलं. तिने लाडवाचा डबा उघडून आमच्यापुढे ठेवला.

"ती येते म्हणाली," आई म्हणाली. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"कोण?"

"तुम्ही दोघं बाप्ये. बसला होतात ना इथं? बाई येते म्हणाली, तर 'ये' म्हणावं लागतं. कोण म्हणालं?"

इक्बालने माझ्याकडे बघितलं. त्या रविवारी तो फासे गोळा करत होता, आणि मी नकाशात ते दार शोधत होतो. कुणीच म्हणालं नव्हतं.

"ये म्हटल्याशिवाय माणूस निघतही नाही आणि पोचतही नाही," आई म्हणाली. "तुझे बाबा कारखान्यावर निघाले, येतो म्हणाले. मी म्हटलं, या."

"पण बाबा आले नाहीत, आई."

"नाही आले. पण दारात अडकून तरी राहिले नाहीत. म्हण आता."

मी तोंड उघडलं. निघालेल्या माणसाला 'ये' म्हटलं की तो जातो. येणाऱ्याला म्हटलं की तो येतो. शब्द तोच, आणि तो कुठल्या बाजूला लागेल ते मला ठरवता येणार नव्हतं. मी लाडू तोंडात घातला.

"पुस्तक आल्यावर म्हणतो," मी म्हणालो.

पुस्तक दुसऱ्याच दिवशी आलं. कुरियरवाल्याने खालून फोन केला. "साहेब, पार्सल आहे. पण वर येता येईना, जिन्यात गाद्या लागल्यात." मी गाद्यांमधून घसरत खाली गेलो आणि खोकं डोक्यावर धरून कसाबसा वर आलो. इक्बाल दुकान तसंच टाकून आला. टेबलाभोवती आता तिघांपुरतीच जागा उरली होती, मागे गाद्या पाठीला टेकत होत्या. चौथी, वैजयंतीची खुर्ची आईने अडवून ठेवली होती, तिच्यावर कुणाला काही ठेवू देत नव्हती.

खोकं फोडलं. पुस्तकावर मी बोट फिरवलं आणि बोट काळं झालं. समुद्रापलीकडून आलेल्या पुस्तकाची शाई ओली राहत नाही. ही ओली होती.

तेवढ्यात हॉलच्या टोकाकडून हाक आली. इतक्या लांबून आवाज यायलाही वेळ लागतो, त्यामुळे ती केव्हा ओरडली ते सांगता येत नाही. "हेरंब, काळा आला!"

इक्बालने दाराचं पान काढलं. पूर्ण पानभर चित्र होतं, दुसऱ्या बाजूने काढलेलं. दारात एक बाई उभी होती, हातात स्टीलचा थर्मास घेऊन. तिच्यामागे एक लांबच लांब खोली, दोन्हीकडे गाद्या, आणि पार टोकाला टेबलावर वाकलेली तीन बारकी माणसं. चित्र त्या बाजूने काढलेलं होतं, म्हणून वैजयंतीचा चेहरा दिसत होता.

मी किती तरी वेळ तोच बघत राहिलो. ती दमलेली दिसत होती. डोळ्यांखाली काळं होतं. पण एस.टी. माहेरच्या स्टँडात शिरताना ती खिडकीतून बघते, तशी ती समोर बघत होती. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

"बघ की किती खूश आहे," आई हळूच म्हणाली.

"विचारू का?" इक्बालने विचारलं. त्याचा आवाज सूत्रधाराचा नव्हता. "नाहीतर राहू दे. पुस्तक मिटून टाकतो. कुणाला कळणार आहे?"

मला हो म्हणायचं होतं. पुस्तक मिटलं असतं तर ती दारात राहिली असती, पाठमोरी का होईना, आणि मी जन्मभर थर्मास नेत राहिलो असतो. मी पुन्हा चित्रातल्या चेहऱ्याकडे बघितलं.

"विचार," मी म्हणालो.

इक्बालने घसा साफ केला आणि हॉलकडे तोंड करून मोठ्याने विचारलं, "काजळी, पलीकडे लोक आहे. जातेस का राहतेस?"

प्रश्न गाद्यांमधून निघून गेला. आम्ही थांबलो. आईने खुर्चीवरचा हात काढला नाही. मग उत्तर आलं, अगदी बारीक, पण स्पष्ट.

"येते."

दोघंही माझ्याकडे बघू लागले.

"ये," मी म्हणालो.

चित्रातलं दार रिकामं झालं. हॉलच्या टोकाचंही झालं, तिथे आता ना ती होती ना पलंग. मग तिथल्या फरशीवर एक पाऊल उमटलं, ओल्या काळ्या शाईचं. त्याच्या अलीकडे दुसरं उमटलं. पावलांवर कुणी नव्हतं, पण ती सावकाश, न चुकता गाद्यांमधून येत होती. आईने खुर्ची मागे ओढून जागा केली. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलापेक्षा मला जवळ होतं, आणि प्रत्येक पावलाची बोटं बेडरूमच्या दाराकडे होती.