भिंतीपलीकडे गेलेली नळी

मी एक नळी बोलतेय. हिरवी, रबराची, अंगणाला पुरून उरेल एवढी लांब. दुकानात टांगलेली असताना वाटायचं, कुठल्यातरी बागेत मजेत आयुष्य जाईल. पण मला घेतलं एका निवृत्त बसड्रायव्हरने. त्याच्याकडे चार कुंड्या आणि एक खिळखिळी मोटारगाडी. माणूस तुसडा. मधल्या भिंतीवरून शेजारणीशी भांडलेला, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद.

मग गावाचं पाणी एका कंपनीच्या हाती गेलं. दर असे वाढले की लोक तोंड धुतानाही नळाकडे बघू लागले. शेजारीण शाळेत झाडलोट करायची. तिला बिल झेपेना. एका सकाळी कंपनीची माणसं आली आणि तिचा नळ बंद करून सील ठोकून गेली. ती खाणीत साचलेलं पाणी आणू लागली. थोड्याच दिवसांत तिच्या लेकीला कावीळ झाली.

ड्रायव्हरच्या बायकोने जेवताना हे सांगितलं. तो ताट अर्धवट टाकून उठला, मला नळाला जोडलं आणि माझं दुसरं टोक भिंतीपलीकडे सोडलं. मला वाटलं, आता ही बाई मला परत भिरकावणार. मग कुणीतरी मला अलगद उचलून बादलीत ठेवलं.

पण अशी गोष्ट लपून किती राहणार? कंपनीचा साहेब आला आणि माझ्यावर बूट ठेवूनच उभा राहिला. पाणी अडलं, माझं अंग टरारून फुगलं. आवाज न चढवता त्याने सांगितलं, की असं पाणी देणं नियमात बसत नाही. नळी निघाली नाही तर हाही नळ बंद होईल. ड्रायव्हरच्या बायकोचा चेहरा उतरला. नवऱ्याला मूतखड्याचा त्रास, डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलेलं.

"काढा ती नळी," साहेब म्हणाला.

"आधी तुमचा पाय काढा," ड्रायव्हर म्हणाला. " पोर आजारी आहे, तिची बादली भरतेय."

साहेबाने सोबतच्या माणसाला खूण केली. त्याने सुरी काढली खरी, पण हात पुढे होईना. शेवटी साहेबानेच मला कापलं. दुपारपर्यंत ड्रायव्हरचा नळही बंद झाला.

संध्याकाळी शेजारीण कित्येक वर्षांनी भिंतीपाशी आली. "भाऊजी, माझ्यापायी तुमचंही पाणी गेलं."

"तुझ्यापायी नाही गेलं," तो म्हणाला. "उद्या कोर्टात जातोय. येतेस?"

खटला अजून चालू आहे. माझे दोन तुकडे क्लिप लावून जोडलेत. समोरच्या शिंप्याने आपला नळ दिलाय, म्हणून मी आता गल्ली ओलांडून आडवी पडलेली असते. कंपनीची गाडी रोज फेरी मारते. ती वळणावर दिसली की सांध्यातून माझं पाणी ठिबकू लागतं.

तुम्ही कधी इथून गेलात, तर मला ओलांडून जा. निकाल लागेपर्यंत मला फाटून चालणार नाही.