घंटीची दोरी

मी एक जुनी बस आहे, आणि मित्रांनो, आमच्या गोझो बेटावर एकही असा खड्डा नाही ज्याची आणि माझी ओळख नाही. एका सैनिकी ट्रकच्या सांगाड्यावर दोघा सुतार भावांनी मला घडवले. वेन्झूने मला विकत घेतले, राखाडी रंगावर लाल पट्टा ओढला, समोर त्याच्या गावच्या संताची तसबीर लावली आणि छताला घंटीची दोरी बांधली. उतरायचे असले की दोरी ओढायची. वेन्झू मला बायकोपेक्षा जास्त जपतो, असे त्याची बायकोच सांगत फिरे.

बाहेरून आलेले पाहुणे मात्र माझ्यावर वैतागत. कुणाची भाकरी भट्टीतून निघायची असली की मी थांबायची, कुणाच्या दाराशी पिशवी द्यायची असली की आडवाटेला वळायची. बेट एवढेसे, पण या टोकाहून त्या टोकाला जाताना पाहुण्यांना भूक लागे.

एका दुपारी जोआन नावाची तरुणी बंदरावर माझ्यात चढली. ती मेलबर्नहून आली होती. तिचे वडील साल्वू कामिलेरी तरुणपणीच बेट सोडून तिकडे गेले आणि गेल्या वर्षी तिकडेच वारले. त्यांची बहीण इथे कुठेतरी राहते, तिला भेटायचे, एवढेच तिला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या मोठ्या बेटावरून तिचे विमान होते, म्हणून संध्याकाळची शेवटची बोट गाठणे भाग होते.

सगळी बस हसली. अर्धी बस कामिलेरीच होती. आमच्याकडे आडनावाने कुणी सापडत नाही. घराण्याला टोपणनाव असते, आणि माणूस ओळखायचा तो त्यावरून.

"तू कुणाची गं, पोरी? घराण्याला काय म्हणतात?" मासेवाल्या नेनूने विचारले.

बाबांनी ते कधीच सांगितले नाही, असे ती म्हणाली. मात्र लहानपणी ते दारोदार शेळ्या नेऊन दूध काढून देत, आणि म्हातारपणीही झोपेत शेळ्यांना हाका मारत.

साल्वू कुणाचा ते सगळ्यांना कळले होते. पण ते टोपणनाव चिडवण्याचे होते, आणि आमच्याकडे असे नाव पाठीमागे घेतात, तोंडावर कधीच नाही. त्या घराण्यातली एकुलती एक उरलेली बाई, ग्राझ्यामावशी, मागच्या बाकावर बसली होती. आईच्या मातीला भाऊ आला नाही, तेव्हापासून तिने त्याचे नाव टाकले होते. तिचा अबोला तिनेच सोडायचा. इतरांनी त्यात तोंड घालायचे नाही.

"शोधू की, गावोगाव विचारत जाऊ," वेन्झू म्हणाला आणि त्याने मला नेहमीच्या रस्त्याऐवजी उलट्या फेरीला घातले.

ग्राझ्यामावशीचा थांबा आला. दोरी हलली नाही. मला माणसांचे वजन कळते, मित्रांनो. ते मागच्या बाकावर तसेच होते. इतरांचेही थांबे आले आणि गेले, पण कुणी उतरेना. वेन्झू चौकाचौकात खाली उतरून कुणाला तरी काहीबाही विचारल्याचे सोंग करी आणि मान हलवत परत येई. जोआन मोठ्या आशेने त्याच्याकडे बघे. मला तिची फार कीव आली.

"वेन्झू, माझ्या टोपलीत मासे शिजले बाबा," नेनू कुरकुरला, पण तोही उतरला नाही.

दुसरा फेरा संपत आला तेव्हा जोआनने डोळे पुसले. आता बंदरावर सोडा, असे तिने सांगितले आणि सगळ्यांचे आभारही मानले. मग वेन्झूचाही नाइलाज झाला. बंदराच्या उतारावर मला जितके हळू जाता येईल तितके हळू मी गेले. खाली बोटीचा भोंगा वाजला.

तेवढ्यात घंटी वाजली.

वेन्झूने मागे न बघताच विचारले, "इथं कुठं उतरतेस, ग्राझ्यामावशी?"

"उतरत नाही. बस फिरव." ती दांड्या धरत धरत पुढे आली आणि जोआनच्या शेजारी बसली. "पोरी, आम्हाला बोकडवाले म्हणतात. तुझ्या बापाला सांगायची लाज वाटली असेल. गाढव होता तो." मग तिने जोआनचा हात घट्ट धरला. "झोपेत हाका मारायचा म्हणालीस. त्यात माझी लाडकी शेळी होती का गं? गुस्ता?"

"गुस्ता म्हणजे शेळी? मला ते कुणा बाईचं नाव वाटायचं," जोआन म्हणाली. "रोज तिलाच आधी बोलवायचे."

बोट गेली. नेनूचे मासे त्या रात्री सगळ्या बसने मिळून ग्राझ्यामावशीच्या अंगणात खाल्ले, आणि जोआनचे विमान तिच्याविनाच उडाले.

पुढे नव्या गाड्या आल्या. त्या वेळेवर धावतात, हे मला मान्य आहे. मी आता वेन्झूच्या शेतात उभी असते आणि माझ्या इंजिनात कोंबड्या अंडी घालतात. ग्राझ्यामावशी गेली. जोआन मात्र दर उन्हाळ्यात मुलांना घेऊन येते, आणि ती मुले माझ्या दारातच "आम्ही बोकडवाले!" असे ओरडतात आणि धावत मागच्या बाकावर जाऊन बसतात.

मित्रांनो, मला नवा रंग नको, चाकेही नकोत. पण घंटीची दोरी कुजून तुटली आहे, तेवढी कुणीतरी बांधा. अबोला धरून बसलेल्या माणसाच्या हाताशी एक दोरी असावी.