नानांच्या खिशातली सुई

मी सुई बोलतेय. कपडे शिवणारी नाही, मटणात टोचायची. वीतभर लांब, स्टीलची. माझं टोक मटणाच्या आतला ताप मोजतं आणि वरचं बोंड भोवतालच्या धुराचा. दोन्ही आकडे शेडमधल्या वायफायवरून मालकाच्या मोबाइलवर जातात. एवढंच माझं काम, आणि त्याच कामाची मला लाज वाटते.

मालक शिवराज. खुलताबादच्या रस्त्याला, स्वतःच्या शेताच्या कडेला त्याचं हॉटेल आहे. छावणीतल्या एका वेल्डरकडून त्याने जुन्या पिंपाचा स्मोकर बनवून घेतला. त्यात बाभळीच्या मंद धुरावर मटण अर्धा दिवस शिजतं. विस्तव सांभाळायला त्याचे वडील, रामकिसन नाना. शिवराज शहरात, उस्मानपुऱ्यातल्या घरी बसून माझ्याकडून खबर घेतो. मटण शिजलं की मोबाइल त्याच्याच आवाजात ओरडतो, "मटण झालं, काढा!" हौसेला मोल नाही, दुसरं काय!

नानांना त्याने एकच नियम घालून दिला होता. "नाना, सुई टोचल्याबिगर झाकण लावायचं नाय." नानांनी तो कधी मोडला नाही.

नानांची लेक मोनिका पुण्याला दिली आहे. दोनदा तिला दिवस गेले आणि दोनदा घरावर दुःख कोसळलं. तिसऱ्यांदा गोड बातमी आली तेव्हा तिच्या आईने, सरूबाईंनी, शेताच्या बांधावरच्या म्हसोबाला नवस बोलला. बाळ-बाळंतीण सुखरूप राहू दे, बोकड कापून कंदुरी करीन. तोवर आमच्या घरातलं कुणी मटण तोंडाला लावणार नाय.

"अन् हॉटेल?" नानांनी भीत भीत विचारलं.

"धंदा वेगळा, जीभ वेगळी," सरूबाईंनी निकाल दिला.

निकाल सोपा होता, पण जीभ नानांची होती. दिवसभर त्या वासात बसायचं आणि डब्यातली शेपूची भाजी खायची! बिचारे किती आवंढे गिळायचे, ते मी पाहिलंय. मला त्यांची फार दया यायची.

एका सोमवारी हॉटेल बंद असताना नाना एकटेच शेडात आले. पिशवीत मटणाचा एक तुकडा. इकडंतिकडं बघत त्यांनी विस्तव केला, तुकडा आत ठेवला आणि सवयीने मलाही टोचलं. चोरी करायला निघालेला माणूस, पण लेकाचा नियम काही मोडवेना! नाना, मला काढा हो, असं मी मनात ओरडत होते. पण मला आकड्यांपलीकडं बोलता येत नाही.

तुकडा शिजला. मी खबर दिली. त्या वेळी शिवराजचा मोबाइल सरूबाईंच्या हातात होता आणि त्या मोनिकाशी व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या. मध्येच मोबाइल ओरडला, "मटण झालं, काढा!"

नानांनी पहिला घास गिळला आणि त्यांचा फोन वाजला.

"आज हॉटेल बंद हाय ना? मग कुणाचं मटण झालं?"

नानांनी मिशी पुसली. "कुठलं मटण, सरू? यंत्र बिघडलंय. पाणी गेलं असंल त्यात. काय बी सांगतंय."

"खरं बोला. पोरीच्या जिवाचा सवाल हाय."

"मोनिकाची आण," नाना बोलून गेले.

फोन ठेवला. उरलेला तुकडा त्यांनी कुत्र्याला टाकला. शिवराज मला तपासायला नेईल आणि मी धडधाकट निघेन, या भीतीने त्यांनी मला बंडीच्या आतल्या खिशात लपवलं आणि सुई हरवली म्हणून सांगितलं.

त्या खिशात मी पुढचे महिने काढले. मोनिकाचा फोन आला की नानांच्या छातीत धडधड व्हायची आणि मी शरमेने मरून जायची. खोटं बोलणाऱ्याला लाज वाटते हे ठीक. मला खरं बोलून वाटत होती. मी जरा गप्प बसले असते, तर एका घासावर भागलं असतं. माझ्यामुळं बापाने लेकीची खोटी शपथ घेतली. त्यात सरूबाई येईल त्याला कौतुकाने सांगायच्या, "धुरात बसून जीभ आवरली ह्यांनी." नाना तेवढ्यात उठून बाहेर जायचे.

अखेर मोनिकाला मुलगी झाली. दोघी सुखरूप! सव्वा महिन्याने बांधावर कंदुरी झाली. मोनिका बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. सरूबाईंनी रश्श्याचं पहिलं ताट नानांपुढं ठेवलं.

"आधी ह्यांना. लेकीसाठी पाळलं ह्यांनी."

नानांचा हात ताटाकडं जाईना. मग तो खिशात गेला. त्यांनी मला बाहेर काढलं आणि ताटाशेजारी ठेवलं.

"सरू, ही सुई बिघडलेली नाय," ते म्हणाले. "त्या दिवशी बी नव्हती."

सरूबाईंनी ताट उचललं. मला वाटलं, आता भिरकावतात. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि भाकरी-ठेचा आणून नानांपुढं ठेवला.

"पोरीची आण घेतली होती तुम्ही," त्या म्हणाल्या. "आजपासून पाळा. नात रांगायला लागंस्तोर."

"व्हय," नाना म्हणाले. मान खाली घालून ते भाकरी जेवले आणि कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले.

शिवराजने मला पुन्हा कामाला लावलंय. नात अजून पालथीही पडत नाही. नाना धुरात बसून शेपू खातात आणि लोकांचं मटण शिजवतात. तुमच्याही घरात माझ्यासारखं खबर देणारं काही असेलच. एवढीच विनंती, त्याच्या सांगण्यावरून घरच्या माणसाला जाब विचाराल तेव्हा लेकराचा जीव मध्ये आणू नका.

नाना मला टोचतात तेव्हा माझं तोंड खाली असतं. तेच बरं आहे.