मधली ओळ

“उद्या ती ओळ गाळायची. ‘पवित्र अमर’ झालं की थेट ‘आमच्यावर दया कर’,” असे म्हणून शमूनीने कणकेवर मूठ आपटली. भट्टीभोवती बसलेल्या बायकांचे हात थांबले. लग्न न करता देवाला वाहून घेतलेल्या या बायका चर्चसाठी रोट्या भाजत आणि रविवारी चर्चमध्ये गात. गाण्यात शमूनी पुढे, बाकीच्या तिच्या मागे. केस पिकले तरी तिचा आवाज खणखणीत होता आणि जीभ त्याहून.

गाळायची ओळ होती, ‘आमच्यासाठी क्रुसावर खिळलेल्या’. राजधानीचे म्हणणे, देव कसा मरेल? मेला तो त्याच्यातला माणूस. फुरात नदीकाठचे हे गाव म्हणे, देव वेगळा आणि माणूस वेगळा अशी वाटणी करायला ख्रिस्त म्हणजे काय बापजाद्यांचा मळा आहे? वाद असा पेटला होता की बाजारातला मासेवाला गिऱ्हाइकाला आधी ख्रिस्ताचे स्वभाव किती, एकच की देवाचा नि माणसाचा असे दोन, ते विचारी, आणि ‘दोन’ म्हणणाऱ्याच्या गळ्यात कालचा मासा मारी.

आता बादशहाचा अधिकारी दुभाषा घेऊन गावात उतरला होता. उद्या तो चर्चमध्ये पुढेच बसणार होता. ओळ ऐकू आली तर गावचे बिशप मार बरहदाद यांची रवानगी वाळवंटातल्या किल्ल्यात, हे त्याने चौकात सांगून टाकले होते. बरहदाद शमूनीच्याच गल्लीतले, रंगाऱ्याचे पोर. आता गुडघे गेलेले, दात गेलेले, रोटी वरणात भिजवून खाणारे. किल्ल्यात महिनाभरही टिकायचे नाहीत, हे तिला दिसत होते. त्यांनी तिला एवढेच सांगितले होते की नेहमीसारखे गा. ते काही तिच्या मनाला पटले नव्हते.

“बिशप आबांना विचारलंत का, मावशी?” धाकट्या तेक्लाने भीतभीत विचारले.

“विचारलं तर नाही म्हणतील. म्हणून नाही विचारलं.”

“आणि पाप?”

“मला लागू दे. देवाशी माझं मी मिटवीन. तू पीठ मळ.”

रविवारी चर्च खच्चून भरले. अधिकारी डोक्याला तेल चोपडून पहिल्या रांगेत, दुभाषा त्याच्या कानाशी. बायकांनी सूर लावला. ‘पवित्र अमर’ आले आणि सवयीने निम्म्या तोंडांतून पुढची ओळ निघू लागली. शमूनीने डोळे वटारले तशी ती तोंडे मिटली, पण तोवर सगळ्यांचाच ठेका चुकला होता. गाणे मध्येच थबकले.

तेवढ्यात वेदीपाशी मार बरहदाद गाऊ लागले.

त्यांच्या गळ्यात सूर म्हणून नव्हताच. विहिरीचा गंजलेला रहाट बरा. इतकी वर्षे शमूनीनेच त्यांना प्रार्थना नुसत्या बोलायला लावल्या होत्या. त्यांनी ओळ अर्धी म्हटली, मध्येच खोकल्याची उबळ आली, छाती धरून खोकून घेतले, आणि राहिलेली अर्धी पुरी केली. मग, आता पुढचं तू धर, अशा नजरेने तिच्याकडे पाहिले. शमूनीला राग आला, हसू आले, आणि डोळ्यांतून धारा लागल्या. तिने ती ओळ पहिल्यापासून उचलली आणि मासेवाल्यासकट सगळे चर्च तिच्यामागून गाऊ लागले. दुभाष्याला सांगायला काही उरलेच नाही.

सोमवारी सकाळी वेशीपाशी गाढव उभे होते, बरोबर दोन शिपाई. शमूनीने रोट्यांचे गाठोडे खोगिराला बांधले. गाठ मारता मारता तिचे तोंड चालूच होते.

“मी तुम्हाला वाचवायला निघाले होते आबा. आणि गायचंच होतं तर सुरात तरी गायचं.”

ते दात नसलेले तोंड उघडून हसले. “वाचलो असतो गं. पण मग तुझी रोटी कुठल्या तोंडानं खाल्ली असती?”

“भिजवून खा,” ती म्हणाली. तिने गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. गाढव चालू लागले. वळणापर्यंत आबा शिपायांना गाढवाचे नाव विचारताना ऐकू येत होते.

पुन्हा ते दिसले नाहीत. थंडी पडायच्या आधीच किल्ल्यातून ती बातमी आली.

नवे बिशप तरुण, गोड गळ्याचे, स्वभावाने वाईट नव्हते. त्यांनी शमूनीला बोलावून हळूच बजावले की ती ओळ गायला बंदी आहे, दाराशी शिपाई उभे असतील.

“गप्प राहायला बंदी नाही ना?” तिने विचारले. नाही, ते म्हणाले. ती रोट्या भाजायला निघून गेली.

त्या रविवारी ‘पवित्र अमर’ म्हणून बायकांनी तोंडे मिटली. बाकीच्यांनीही मिटली. ओळीला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ कुणी हलले नाही. दाराशी शिपाई एकमेकांकडे पाहत राहिले, अटक करायची तर कशाबद्दल? शमूनी मनात ओळ म्हणत होती. निम्म्यावर आल्यावर ती जरा थांबली, खोकल्याला लागेल तेवढी. मग उरलेली अर्धी संपवून तिने हात वर केला आणि सगळ्यांनी एका सुरात पुढचे उचलले, ‘आमच्यावर दया कर’.