साठ पावलं खाली

“इथंच ना, सेन्योरा?” इंजिनिअरने बुटाच्या टोकाने रस्त्यावर रेघ ओढून विचारलं.

साबिनाच्या हातात पाव कापायची सुरी होती. नगरपालिकेचा ट्रक तिच्या दुकानासमोर उभा होता. मागे डांबराचं पिंप तापत होतं आणि चार कामगार तिने दिलेला सातू-जवसाचा गरम काढा फुंकून फुंकून पीत होते. गतिरोधकाची खरी जागा इथे नव्हती. ती साठ पावलं वर होती, वळणावर, जिथे टेकडीवरच्या घरांमधून उतरणारा पिवळा जिना रस्त्याला मिळतो. शनिवारी तिच्या मैत्रिणीने, दोमितिलाने तिथे चुन्याचा जाड पट्टा मारून ठेवला होता. रविवारी संध्याकाळी साबिनाने त्या पट्ट्यावर दोन बादल्या पाणी ओतलं होतं. धूळ फार उडते, असं तिने स्वतःशीच म्हटलं होतं.

“इथं रस्ता सपाट आहे, काम लवकर उरकेल,” इंजिनिअर म्हणाला. “पण अर्ज तुमच्या वस्तीचा. तुम्ही दाखवाल तिथं.”

“हो, इथंच,” साबिना म्हणाली आणि त्याच्यासाठी अंड्याचा पाव बांधायला वळली.

एवढंच. तिने दुसरं काही केलं नाही. पुढे तिने स्वतःच हे सगळं सांगितलं, म्हणून आम्हाला कळलं.

आमची लोमा ब्लांका वस्ती लिमा शहराच्या दक्षिणेला, उघड्या-बोडक्या टेकडीवर आहे. साबिना मायकी इथे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. चार चटया उभ्या करून तिने आणि तिच्या नवऱ्याने जागा धरली. नवरा जाऊन आता नऊ वर्षं झाली होती, मुलगा चिलीला गेला तो तिकडचाच झाला. तिच्याकडे राहिलं होतं रस्त्यालगतचं छोटं दुकान आणि वस्तीचा लाउडस्पीकर. तिच्या छपरावरच्या खांबाला दोन कर्णे होते. रोज सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी सहाला ती बातम्या द्यायची. पाण्याचा टँकर किती वाजता येणार, लसवाली नर्स कुठल्या गल्लीत बसणार, कोणाचं कुत्रं हरवलं, कोणाकडे मयत झाली. “शेजाऱ्यांनो, शुभ सकाळ,” हा तिचा आवाज ऐकल्याशिवाय आमच्याकडे कोणी दाराबाहेर पडत नसे.

वळणावर गतिरोधक हवा हे दोमितिलाच्या डोक्यातून निघालं. वरच्या खाणीतून खडीचे ट्रक उतरायचे ते वळणावर दिसायचेच नाहीत. एकदम अंगावर यायचे. दोमितिला यौरी इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. तोंडाने फटकळ आणि पायाने चपळ. साबिना तिच्या मुलीची, लिस्बेतची धर्ममाता, म्हणजे ‘माद्रिना’; त्यामुळे दोघी एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणायच्या, आणि आमच्याकडे ते नातं सख्ख्या बहिणीपेक्षा जवळचं. चार महिने दोघी दारोदार हिंडल्या. तीनशे बारा सह्या मिळाल्या, त्यातले काही अंगठे. नगरपालिकेतला कारकून “मंगळवारी या” म्हणाला, तेव्हा दोमितिलाने तिथल्या बाकावर फतकल मारली होती. “येतो कशाला? इथंच बसतो आम्ही मंगळवारपर्यंत. कोमाद्रे, पाव काढ.” कारकुनाने हसत हसत शिक्का मारला होता.

त्या सोमवारी संध्याकाळी दोमितिला कामावरून आली आणि बसमधून उतरताच थबकली.

“इथं कसा काय गं हा?”

“इंजिनिअर म्हणाला, वळणावर घालता येत नाही. नियम आहे म्हणे त्यांचा.”

दोमितिलाने वर वळणाकडे पाहिलं, मग साबिनाकडे पाहिलं.

“असं होय,” ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

वस्तीचे अध्यक्ष सेन्योर तेओफिलो यांनी रविवारी रंगीत कागदाच्या माळा लावून गतिरोधकाचं उद्घाटन केलं. दोघींच्या गळ्यात फुलं घातली. साबिनाने मान इतकी खाली घातली की फुलं हनुवटीला टोचली. लोकांना वाटलं, बाई लाजली.

गतिरोधकावर प्रत्येक मिनीबस थांबल्यासारखी व्हायची. कंडक्टर दारातून ओरडायचा, “सेन्योरा, दोन अंड्याचे, एक काढा!” खिडक्यांमधून हात बाहेर यायचे. आधी सकाळी चाळीस पाव खपायचे, आता शंभरही पुरेनात. साबिनाने छपरावर नवे पत्रे घातले, स्वतःला लोकरीचा निळा स्वेटर घेतला. वळणाकडे मात्र ती सहसा बघायची नाही. ट्रक उतरताना ब्रेकचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं; ट्रक निघून गेला की पुन्हा सुरू व्हायचं. असे सात महिने गेले.

ऑगस्टमधल्या एका धुकट सकाळी, बातम्या नुकत्याच संपल्या होत्या, तेव्हा तो आवाज थांबला नाही. ब्रेक किंचाळतच राहिले. मग बायकांचा ओरडा आला.

साबिना धावली. दोमितिला रस्त्याच्या कडेला पडली होती, जिन्याच्या शेवटच्या पायरीपासून चार हातांवर. ट्रकवाला पळाला नव्हता. तो चाकाशेजारी बसून डोकं धरून रडत होता. “दिसली नाही हो मला, आईशप्पथ, दिसलीच नाही,” एवढंच म्हणत होता. दोमितिला शुद्धीत होती. तिने साबिनाचा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. “कोमाद्रे, लिस्बेतला सांग,” ती म्हणाली. “कामावर पण कळव. चादरींचा गठ्ठा राहिलाय.”

ज्या धोबीखान्यात तिने बावीस वर्षं काढली त्याच्याच वरच्या मजल्यावर, गुडघ्याखालून तिचा उजवा पाय कापावा लागला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तेओफिलो कागद घेऊन दुकानात आले.

“हे आज वाचा, डोन्या साबिना. लोक घाबरलेत. नगरपालिकेला वाटायला नको की त्यांनी दिलेली सोय आपण वापरत नाही.”

कागदावर लिहिलं होतं: वळणावर रस्ता ओलांडू नये. गतिरोधक जिथे आहे तिथूनच ओलांडावं. आपल्या शेजारीण सेन्योरा दोमितिला यांचा अपघात निष्काळजीपणामुळे झाला, यातून सर्वांनी धडा घ्यावा.

“हा शब्द काढूया का?” साबिनाने विचारलं.

“कुठला?”

तिने बोट ठेवलं.

“अहो, त्याशिवाय लोक मनावर घेतात का? साठ पावलं चालायचा कंटाळा, दुसरं काय!”

साठ हा आकडा त्यांच्या तोंडून ऐकून साबिनाने कागदावरचं बोट मागे घेतलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. तिने माइक चालू केला आणि कागद अक्षर न अक्षर वाचला. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द दोन कर्ण्यांतून निघाला, समोरच्या टेकडीवर आपटला आणि परत आला.

दुसऱ्या दिवशी लिस्बेत पाव घ्यायला आली. रात्रभर इस्पितळात बसून तिचे डोळे सुजले होते.

“माद्रिना, आई निष्काळजी होती?” तिने विचारलं. तिचा आवाज चढलेला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“मला कागद दिला, पोरी. मी वाचला.”

लिस्बेतने पाव घेतले आणि ती गेली. साबिनाने त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ती बसली. आपला चेहरा आपल्यालाच कोणी दाखवू नये असं तिला वाटत होतं. बाहेर मिनीबस गतिरोधकावर हळू होत, कंडक्टर हाका मारत, आणि बंद दार बघून पुढे जात.

दोमितिला तीन आठवड्यांनी घरी आली. चौघांनी तिला खुर्चीत बसवून एकशे अठरा पायऱ्या वर नेलं. साबिना मात्र आणखी दोन रविवार गेली नाही. तिसऱ्या रविवारी कोंबडीच्या रश्श्याचं भांडं फडक्यात बांधून ती जिना चढली.

दोमितिला पलंगावर उशीला टेकून बटाटे सोलत होती. पांघरूण एका बाजूला सपाट होतं.

“ये,” ती म्हणाली. “ठेव तिथं. बस.”

साबिना बसली. रस्त्यात जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली होती.

“मला तुला एक सांगायचंय.”

“चुन्याचं ना?”

साबिनाने भांड्यावरच्या फडक्याची गाठ उगाच आवळली.

“तिथं चिखल होता गं दुसऱ्या दिवशी,” दोमितिला सोलत सोलत म्हणाली. “आपल्याकडं पाऊस पडतो कधी? पाणी विकत घेतो आपण. भांडी धुतलेलं पाणी झाडाला घालणारी बाई तू, आणि चिखल वळणावर? इंजिनिअरच्या नियमाची गोष्ट तू सांगितलीस तेव्हाच मला कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“म्हटलं, चाललंय तिचं दुकान तर चालू दे. नवरा गेल्यापासून तुझ्या अंगावर नवा कपडा पाहिला नव्हता मी. म्हटलं, आपण जरा जपून ओलांडू. दुसरं कोणी मेलं असतं तर माझ्याही डोक्यावर बसलं असतं ते. मी गप्प बसले, तेवढं माझ्याकडं लागतं. ते मी तुझ्यावर ढकलत नाही.”

साबिना रडायला लागली. दोमितिलाने सुरी खाली ठेवली.

“रडू नकोस इथं. ऐक. पाय ट्रकनं नेला. त्याच्याबरोबर मी भांडेन नाहीतर गप्प बसेन, ते माझं मी बघीन. पण तू ते वाचलंस. तुला ठाऊक असून वाचलंस. लिस्बेत मला खाटेवर विचारते, ‘आई, तू बघितलं नव्हतंस का?’ माझी पोर मला विचारते.”

“मी तुझी माफी—”

“मला नको सांगूस. मला माहीत आहे सगळं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग.” तिने पुन्हा बटाटा उचलला. “आणि ते भांडं घेऊन जा. लिस्बेतनं केलंय जेवण.”

साबिना भांडं तसंच घेऊन पायऱ्या उतरली. खाली येईपर्यंत रस्सा गार झाला होता.

सोमवारी सकाळी साडेसहाला तिने माइक चालू केला. समोर कागद नव्हता.

“शेजाऱ्यांनो, शुभ सकाळ. पाण्याचा टँकर आज नऊला येईल, वरच्या गल्लीपासून सुरुवात करील.” ती थांबली. “दुसरी बातमी. दुकानासमोरचा गतिरोधक इंजिनिअरनं आपल्या मनानं इथं घातलेला नाही. त्याला मी इथं घालायला सांगितला. दोमितिलानं वळणावर चुना मारला होता, तो मी धुतला. माझे पाव खपावेत म्हणून. तुमच्या सगळ्यांच्या सह्या त्या वळणासाठी होत्या. दोमितिला निष्काळजी नव्हती. ते मी खोटं वाचलं, आणि वाचताना मला ठाऊक होतं की—”

तेओफिलो धावत आत आले. पायात सपाता, ओठांना टूथपेस्टचा फेस.

“बंद करा! डोन्या साबिना, वेड लागलंय का? नगरपालिकेनं ऐकलं तर म्हणतील तुमच्याच माणसानं जागा दाखवली! दुसरा देतील का मग?”

“वाक्य पुरं करू द्या, सेन्योर.”

“पुरे झालं!” त्यांनी वायर ओढली. पण वस्तीने ऐकायचं ते ऐकलं होतं. बाहेर एक मिनीबस उभी होती. तिच्या खिडकीतून पावासाठी हात निघालेला होता. तो हळूच आत गेला.

कोणी दगड मारला नाही. कोणी शिवी दिली नाही. साबिना शिवीची वाट बघत होती. शिवी आली असती तर मान खाली घालून ती घेता आली असती. लोक दुकानात येत, पाव मागत, घेत आणि जात. कोणी थांबत नव्हतं, आपल्या सुनेची तक्रार सांगत नव्हतं. फक्त म्हातारा एलेउतेरियो काउंटरला टेकून म्हणाला, “आम्ही तीनशे बारा जण होतो. एकानंही उतरून विचारलं नाही, इथं का म्हणून. पण तू धुतलंस हे वाईटच.” गुरुवारच्या सभेत माइक औषधाच्या दुकानातल्या मारिबेलकडे द्यायचं ठरलं. साबिनाने हात वर करून त्याला संमती दिली आणि कर्णे खाली काढायला स्वतः शिडी धरली.

त्याच सभेत ठरलं की नगरपालिकेची वाट बघायची नाही. रविवारी प्रत्येक घराने एक बादली खडी आणायची आणि वळणावरचा गतिरोधक आपल्या हातांनी घालायचा. दोमितिलाने निरोप पाठवला होता: जेवण मी वाढीन, मला फक्त खाली आणा.

साबिना सकाळी सहाला वळणावर हजर झाली. तिने तीन बादल्या आणल्या होत्या. रांगेत खडी हातोहात पुढे जात होती. ती रांगेत उभी राहिली. डावीकडच्या बाईने तिच्या हातात बादली दिली, उजवीकडच्याने घेतली. दुपारपर्यंत तिच्या तळहातांना फोड आले. तिच्याशी कोणी बोललं नाही, आणि तिला रांगेतून कोणी हाकललंही नाही.

एक वाजता जेवणाची हाक आली. जिन्याच्या पायथ्याशी, प्लॅस्टिकच्या खुर्चीत दोमितिला बसली होती, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. शेजारच्या चुलीवर मोठं पातेलं होतं. लोक ताटं घेऊन ओळीने येत होते. ती कोणाला टोमणा मारत होती, कोणाला “मिशीला सिमेंट लागलंय, तेही खाशील काय?” म्हणत होती, आणि लोक हसत होते.

साबिनाची पाळी आली तेव्हा हसणं थांबलं. दोमितिलाने मान वर केली नाही. भात, वर मसुराची डाळ, तळलेल्या माशाचा एक तुकडा. सगळ्यांना दिलं तेवढंच. साबिना ताट धरून तशीच उभी राहिली. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“गार होईल,” दोमितिला म्हणाली आणि पळी पुढच्या ताटाकडे नेली.

साबिना रस्त्याच्या कडेला गेली, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर बसली, आणि सगळ्यांच्या देखत, शेवटच्या शितापर्यंत जेवली.