टोकाला आणखी एक वळसा

वहिनी गाडी चालवत होती म्हणण्यापेक्षा गाडीला फिरायला नेत होती. दुकानाची जुनी डबा गाडी ती. एरवी तिच्यातून पडदे, अभ्रे आणि सोफ्याची कव्हरं पोचवायची. आता मागे तंबू, शेगडी, उशा आणि नणंदेची ट्रंक होती. उजवीकडे काळे उघडे डोंगर, डावीकडे खोल खाली समुद्र, आणि मधला रस्ता कुणीतरी नाइलाजाने केल्यासारखा.

"वहिनी, मघाशी एक शेळी आपल्या पुढे गेली."

"तिला घाई असेल. आपल्याला कुठे आहे?"

घाई नव्हती खरी, पण पोचायचं होतं. किनाऱ्याच्या शेवटी एक लहानसं बंदर होतं, तिथे होड्या दुरुस्त करणारा सुतार राहत होता. पन्नाशी ओलांडलेली नणंद त्याच्याशी लग्न करून आता तिथेच राहणार होती. रस्ता तसा एका दिवसाचाच. वहिनीच म्हणाली होती, "रमतगमत जाऊ, तंबूत राहू. जन्मभर मशीनवर पाठ मोडली, समुद्र कधी डोळे भरून पाहिला आपण?" तेव्हापासून दोघी रमतच होत्या. गमत मात्र फारसं होत नव्हतं.

हा सुतार दुकानात पहिल्यांदा आला तो फाटलेलं शीड घेऊन. नणंदेने ते शिवून दिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा हजर, पुन्हा फाटलेलं. तिसऱ्या खेपेला वहिनीने चष्मा लावून फाटलेली कड निरखली. वाऱ्याने कापड फाटलं की वेडंवाकडं फाटतं, धागे लोंबतात. हे आखून कापल्यासारखं सरळ होतं.

"यांच्या गावात वारा कात्री घेऊन हिंडतो वाटतं," वहिनी म्हणाली. सुतार कानापर्यंत लाल झाला. नणंद सुईत दोरा ओवत होती, तो काही केल्या ओवला जाईना. त्या दिवशी वहिनी खूप हसली. घरी गेल्यावर मात्र तिला जेवण गेलं नाही.

तिचा नवरा गेला तेव्हा ही त्याची बहीण महिनाभर सोबतीला म्हणून राहायला आली होती. तो महिना अजून संपला नव्हता.

दुपार कलली तसं धुकं उतरलं. आधी समुद्र गेला, मग डोंगर, मग रस्त्याची कड. गाडी दुधातून चालल्यासारखी चालली. पाण्याचा आवाज कधी खालून यायचा, कधी डोक्यावरून. धुक्यातून मधेच एक उंच खडक वर आला, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या बाईसारखा.

"बघ, आमच्या थोरल्या आत्याबाई," नणंद म्हणाली. "उशीर का झाला म्हणून विचारतायत."

टोकाला वळसा घालून गाडी फाट्याशी आली. पाटीवर लिहिलं होतं, बंदर डावीकडे. वहिनीने ते नीट वाचलं आणि गाडी उजवीकडे घातली. हात आपोआप वळले, असं तिने स्वतःला सांगितलं. डोंगर ओलांडून तो रस्ता पुन्हा त्याच किनाऱ्याला लागला. संध्याकाळी गवताच्या एका पट्ट्यावर त्यांनी तंबू ठोकला.

तंबू वहिनीनेच शिवला होता, दोघींची मापं घेऊन. कूस बदलायची तर एकमेकींना विचारून बदलावी लागे.

"तंबू शिवलायस की ब्लाऊज? शिवणीत जरा माया सोडायचीस की गं."

"फिटिंग बघ की पण, वन्सं." चिडवायचं असलं की वहिनी तिला वन्सं म्हणायची.

शेगडीवर चहा उकळत होता. धुक्यात आग केशरी फुलासारखी तरंगत होती. नणंदेचं डोकं हळूहळू वहिनीच्या खांद्यावर आलं. हे असंच राहावं, वहिनीच्या मनात आलं. रस्ता गोल असावा, धुकं असावं आणि बंदर कायम पुढच्या वळणापलीकडे असावं.

सकाळी पुन्हा वळणं सुरू झाली. धुकं विरळ होत होतं. डावीकडे खडक उभा होता, कमरेवर हात ठेवून.

वहिनीने उगाचच गिअर बदलला.

"अगोबाई," नणंद सावकाश म्हणाली, "इथे पण एक आत्याबाई आहेत."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं नाही. टोकाला वळसा पडला. पुन्हा फाटा आला, पुन्हा ती पाटी, आता स्वच्छ उन्हात. वहिनीने गाडी रस्त्यातच उभी केली.

"डावीकडे आहे, वहिनी," नणंद म्हणाली. "कालही डावीकडेच होतं."

"कालच कळलं तुला?"

"डोळे फुटलेत का माझे? अक्षरं केवढाली आहेत."

"मग बोलली का नाहीस?"

नणंद ओढणीच्या टोकाला पीळ घालत राहिली. "मला वाटलं, तू म्हणशील, चल परत. म्हणाली असतीस तर..." ती थांबली. "वाट बघत होते. म्हणतेस का ते."

खाली लाटा खडकांवर आपटून परत जात होत्या. एक शब्द. वहिनीच्या जिभेवरच होता तो. तो म्हटला असता तर ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली असती, दुकानात दोन मशीनं शेजारी शेजारी चालली असती, आणि कुणी कधी तोंडातून ब्र काढला नसता. हिने तर मुळीच नाही. आणि तिकडे तो खुळा नवीकोरी शिडं कापत बसला असता.

"इतक्या लांब तुला मागे फिरवायला आणलंय का मी?" वहिनी म्हणाली. आवाज जरा चिरकला, म्हणून तिने घसा खाकरला. "पेट्रोल काय फुकट येतं?"

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी तिने डावीकडचा दिवा लावला, आरशात पाहिलं आणि गाडी वळवली. उतार सुरू झाला. लांब खाली लाकडी शेड दिसल्या, होड्या दिसल्या, उलट्या घातलेल्या.

नणंद खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. रडतेय की हसतेय, वहिनीने विचारलं नाही.

"त्याला स्वयंपाक येतो का काही?"

"मासे भाजतो."

"बरं. आणि?"

नणंदेने नाक पुसलं, जरा आठवून पाहिलं.

"मासे भाजतो," ती म्हणाली.

"देवा रे," वहिनी म्हणाली. "म्हणजे मला महिन्या-दोन महिन्यांनी यावंच लागणार."